घरात बसणारी कमिटी

1962 साली अमेरिकेतल्या सिॲटलमध्ये सात जणांची एक कमिटी होती. एक वकील, एक पाद्री, एक बँकवाला, एक गृहिणी, एक सरकारी अधिकारी, एक कामगार पुढारी आणि एक सर्जन. त्यांची नावं बाहेर कुणाला माहीत नव्हती. त्याच्या दोनच वर्षं आधी, 1960 मध्ये, बेल्डिंग स्क्रिब्नर या डॉक्टरांनी पेशंटच्या हातात कायम ठेवता येईल अशी टेफ्लॉनची नळी बसवली होती आणि त्यामुळे किडनी फेल झालेल्या माणसाचं पुन्हा पुन्हा डायलिसिस करणं शक्य झालं होतं. त्याआधी दोन्ही किडन्या कायमच्या गेल्या म्हणजे माणूस गेलाच. आता माणूस वाचू शकत होता, पण मशीन मोजकी आणि पेशंट भरपूर. डॉक्टरांनी तब्येत बघून चाळलेली नावं या सात जणांसमोर यायची आणि कुणाला मशीन द्यायचं ते हे ठरवायचे. वय बघायचे, लग्न झालंय का, पदरात मुलं किती, कमाई किती, शिक्षण किती, नोकरी कसली, चर्चला जातो का, पुढे समाजाच्या काही कामाला येईल का, हे सगळं बघायचे.

हे छापून आलं तेव्हा अमेरिकेत खूप गदारोळ झाला. माणसाची किंमत त्याच्या पगारावरून आणि चर्चच्या हजेरीवरून ठरवणारे तुम्ही कोण, असा प्रश्न लोकांनी विचारला आणि तो प्रश्न इतका टोकदार होता की आज ज्याला वैद्यकीय नीतिशास्त्र म्हणतात त्या सगळ्या विषयाच्या सुरुवातीला हीच कमिटी सांगितली जाते. 1972 मध्ये तिथल्या सरकारने कायदा करून किडनी फेल झालेल्या जवळपास सगळ्यांच्या डायलिसिसचा खर्च उचलला. कमिटीची गरजच संपली.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यासमोर आमच्या लातूरकडच्या घराची ओसरी आली. त्या ओसरीवर आमच्या घरातली अशीच एक बैठक झाली होती, आणि त्यात विचारले गेलेले प्रश्न या सात जणांच्या प्रश्नांपेक्षा फार वेगळे नव्हते. फरक एवढाच की तिथे गदारोळ झाला आणि आमच्याकडे सगळ्यांचं चहापाणी झालं आणि लोक आपापल्या घरी गेले.

झालं असं की माझ्या थोरल्या काकांच्या किडन्या गेल्या. बीपी आणि शुगर दोन्ही, वर्षानुवर्षं, आणि आपल्याकडे बहुतेकांचं होतं तसंच, कळेपर्यंत क्रिएटिनिन, म्हणजे किडनी बिघडली की रक्तात वाढणारा आकडा, कुठल्या कुठे गेलेलं. आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. ज्यांच्या घरात हे झालंय त्यांना सांगायला नको, पाणी मोजून प्यायचं, दोन डायलिसिसच्या मधे वजन किती वाढलं ते बघायचं, हातातला फिस्टुला, म्हणजे डायलिसिसची सुई टोचण्यासाठी ऑपरेशन करून तयार केलेली शीर, जपायचा, त्या हाताने पिशवी उचलायची नाही, त्या हाताचं बीपी घेऊ द्यायचं नाही. तालुक्याच्या गावाहून लातूरला एसटीने जायचं, चार तास मशीनवर पडायचं, परत यायचं आणि उरलेला दिवस नुसतं झोपून काढायचा. डॉक्टर म्हणाले, वय तसं फार नाही, घरातलं कुणी देत असेल तर किडनी बसवून घ्या.

मग ती बैठक. काकांना भाऊ तीन, दोन मुलं, एक मुलगी, आणि काकू. एका भावाला शुगर होती, ते खरंच बाद होते. दुसऱ्याच्या मुलीचं लग्न ठरलेलं. तिसऱ्याच्या घरून फोन आला की ते शेतात राबणारे, त्यांना एका किडनीवर कसं झेपणार. मुलं कमावती, त्यांचं तर नावच कुणी काढलं नाही. मुलगी दिल्या घरची. म्हणता म्हणता सगळ्यांच्या नजरा आतल्या दाराकडे वळल्या, जिथे काकू चहाचा ट्रे घेऊन उभी होती. कुणी तिला विचारलं असं मला आठवत नाही. ती म्हणाली, माझी तपासा. रक्तगट जुळला. आणि घरात सगळ्यांना इतकं हायसं वाटलं की मला ते हायसं वाटणं अजून आठवतं, कारण मलाही वाटलं होतं.

काकूने किडनी दिली ती मनापासून दिली, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पुण्याच्या हॉस्पिटलात अवयवदानाला परवानगी देणाऱ्या कमिटीने तिला एकटीला आत बोलावून विचारलंही, ‘बाई, तुमच्यावर कुणी दबाव आणलाय का, पैसे वगैरे कबूल केलेत का?’ ती नाही म्हणाली. आपल्या अवयव प्रत्यारोपणाच्या 2014 च्या नियमांत मुद्दाम लिहिलंय की डोनर बाई असेल तर जास्त काळजी घ्यायची, तिची ओळख आणि तिची स्वतंत्र संमती ही पेशंट सोडून दुसऱ्या माणसाकडून पक्की करून घ्यायची. नियम चांगला आहे. पण पुढे एकदा मी तिला विचारलं, काकू, तुला भीती नाही वाटली का, तर ती म्हणाली, ‘मी नसती दिली तर कुणी दिली असती गं?’ आता यात दबाव कुठे आहे ते दाखवा. कुणी आवाज चढवला नाही, कुणी धमकी दिली नाही. बाकीची सगळी दारं बंद झाल्यावर जे एक दार उघडं राहतं त्यातून माणूस स्वतःच्या पायाने जातो, आणि कमिटीच्या कागदावर ती स्वेच्छा म्हणून नोंदवली जाते.

हे मी आमच्या घरातलं सांगतेय म्हणून कुणी म्हणेल की हा तुमच्या घराचा प्रश्न. म्हणून आकडे बघू. नोटो, म्हणजे देशाची अवयव प्रत्यारोपणाची मध्यवर्ती संस्था, तिच्या 2019 ते 2023 या पाच वर्षांच्या आकडेवारीत जिवंतपणी अवयव देणाऱ्यांमध्ये जवळपास 64 टक्के बायका होत्या. आणि ज्यांना अवयव मिळाले त्यांच्यात बायका किती? साधारण 30 टक्के.

यावर लगेच एक उत्तर येतं, की पुरुषांना आजारच जास्त होतात, दारूने लिव्हर जातं, बीपी असतं वगैरे. काही अंशी ते खरं असेल, लिव्हरच्या बाबतीत तर आहेच. पण किडनीचं बघा. जगभरात किडनीचा जुनाट आजार बायकांमध्ये पुरुषांपेक्षा थोडा जास्तच आढळतो, आणि तरी डायलिसिसवर आणि ट्रान्सप्लांटमध्ये पुरुष जास्त दिसतात. म्हणजे आजार होणं आणि मशीनपर्यंत पोचणं याच्या मधे कुठेतरी बायका गळतात. कुठे गळतात, गावातच गळतात की तालुक्याच्या दवाखान्यात, क्रिएटिनिनचा रिपोर्ट आल्यावर की खर्चाचा आकडा ऐकल्यावर, हे शोधायचं काम संशोधनाचं आहे. आणि ते संशोधन हॉस्पिटलच्या रजिस्टरमधून होणार नाही, कारण जी बाई हॉस्पिटलपर्यंत आलीच नाही तिची नोंद रजिस्टरमध्ये असणार कशी.

काकांच्या शेजारच्या बेडवर एक आजी असायच्या, औशाकडच्या. दोन मुलं, दोघंही चांगली, दोघंही किडनी द्यायला तयार होती, मी माझ्या कानांनी ऐकलंय. आजींनी साफ नकार दिला. पोराचं अंग कापून मी किती वर्षं जगू, आता माझं काय राहिलंय, असं म्हणायच्या. वय म्हणाल तर काकांच्याच आसपासचं. ट्रान्सप्लांटचा विषय त्यांच्या फाइलमध्ये कधी आलाच नाही आणि मृत डोनरच्या किडनीसाठी जी वेटिंग लिस्ट असते तिच्यावर नाव घाला असंही त्यांना कुणी सुचवलं नाही. पुढे एकदा सलग दोन डायलिसिस चुकले आणि त्या गेल्या. त्यांचा मृत्यू वेटिंग लिस्टवरचा मृत्यू म्हणून कुठेही मोजला गेलेला नाही. मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतं ते हेच.

आपल्याकडे अवयवदानावर बोलताना सगळं बोलणं ब्रेन डेड (मेंदू कायमचा बंद पडलेला) डोनर, ग्रीन कॉरिडॉर (अवयव न्यायला मोकळा केलेला रस्ता), विमानाने आलेलं हृदय याच्याभोवती फिरतं. ते महत्त्वाचं आहेच. पण 2023 मध्ये देशात 18,378 ट्रान्सप्लांट झाली आणि त्यातली 15,436 जिवंत डोनरकडून झाली. ब्रेन डेड डोनर त्या वर्षी 1,099 होते, आणि देशात हा आकडा हजाराच्या वर गेलेला पहिल्यांदाच. म्हणजे आपल्याकडे सहापैकी पाच ट्रान्सप्लांट घरातल्या माणसाच्या अवयवावर होतात. अमेरिकेसारख्या देशांत अवयव न्याय्य रीतीने वाटायचे कसे यावर ढीगभर संशोधन झालं ते मुख्यतः मृत डोनरच्या लिस्टवर. आपण ते उचलून आणलं तरी ते आपल्या सहाव्या हिश्श्यालाच लागू पडतं. उरलेलं वाटप ओसरीवर होतं. कमाई किती, मुलं किती, मागे कोण आहे, हा माणूस गेला तर घर चालेल का, हे सिॲटलचेच प्रश्न आपल्या घराघरात रोज विचारले जातात, फक्त ते कुणी लिहून ठेवत नाही. आणि घरातल्या लोकांना मी वाईट म्हणत नाहीये. एकाच कमाईवर आठ माणसं जगत असतील तर कर्त्या माणसाला आधी वाचवणं हे त्या घरासाठी क्रूर नसतं, ते पोटाचं गणित असतं. म्हणून हा प्रश्न मनं बदला, जागृती करा असं सांगून सुटणारा नाही. आजारपणात घराची कमाई बुडणार नाही याची सोय झाली तर ते गणित बदलेल.

आता वेटिंग लिस्टबद्दल. आपल्या राज्यात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशा चार विभागांच्या समित्या आहेत, झेडटीसीसी म्हणतात, त्यांच्याकडे ही लिस्ट असते. लिस्ट चालते ती नियमाने आणि गुणांवर चालते, वशिला लागत नाही, हे मी आधीच सांगते कारण लोकांच्या मनात भलते संशय असतात आणि त्याने दान देणारेच मागे फिरतात. किडनीसाठी डायलिसिसवर किती काळ काढला त्याचे गुण, लहान मुलांना जादा गुण, फिस्टुला करायला हातात जागाच उरली नाही तर त्याचे गुण, आणि ज्याने पूर्वी स्वतःची किडनी दान केली होती त्याचीच उरलेली किडनी गेली तर त्याला भरघोस गुण. हा शेवटचा नियम वाचून मला फार बरं वाटलं होतं.

पण रेशनच्या दुकानासमोरची रांग कितीही शिस्तीत असली तरी ज्याच्याकडे कार्डच नाही त्याला त्या शिस्तीचा काय उपयोग. लिस्टवर यायला ट्रान्सप्लांटची मान्यता असलेल्या हॉस्पिटलमार्फत नाव घालावं लागतं. तशी हॉस्पिटलं मोठ्या शहरांत. त्याआधी तपासण्या, हार्टची, लिव्हरची, टिश्यू मॅचिंगची, इन्फेक्शनची, प्रत्येकाला पैसे आणि प्रत्येकाला एक खेप. मग रात्री दोन वाजता फोन आला तर काही तासांत पोचता आलं पाहिजे, कारण किडनी बर्फात एखादा दिवस टिकते पण हृदयाला चारेक तासच असतात. गडचिरोलीचा माणूस नागपूरला आणि किनवटचा माणूस संभाजीनगरला कसा पोचणार. आणि त्याला मुळात हे सगळं सांगणार कोण? लातूरच्या त्या डायलिसिसच्या खोलीत टेक्निशियन मुलगा फार चांगला होता, सगळ्यांशी गोड बोलायचा, पण लिस्टबद्दल सांगणं हे त्याचं काम नव्हतं, आणि ज्यांचं होतं ते डॉक्टर आठवड्यातून एकदा घाईत राउंड घेऊन जायचे.

इथे अमेरिकेतलं एक उदाहरण सांगण्यासारखं आहे. तिथे किडनीच्या लिस्टवर प्रतीक्षेचा काळ बहुतेकांचा नाव नोंदवल्यापासून धरायचे. दिसायला एकदम बरोबर. पण गरीब आणि काळे पेशंट डायलिसिस सुरू होऊन वर्षं गेली तरी नोंदवलेच जायचे नाहीत, कुणी त्यांना पाठवायचंच नाही, आणि नोंदवले गेले की शून्यापासून सुरुवात. संशोधकांनी हे आकड्यांनी दाखवून दिलं आणि डिसेंबर 2014 मध्ये नियम बदलला, उशिरा नाव नोंदवलं तरी काळ डायलिसिस सुरू झाल्यापासून मोजायचा. एका तारखेचा बदल, आणि काळ्या पेशंटना किडनी मिळण्यातली तफावत लगेच कमी झाली.

दुसरं उदाहरण तर मला अजून जास्त भिडलं. लिव्हरच्या लिस्टवर कोण जास्त आजारी हे ठरवायला 2002 पासून तिथे मेल्ड नावाचा स्कोअर वापरतात. बिलिरुबिन, रक्त गोठायला लागणारा वेळ आणि क्रिएटिनिन. यात माणसाचं नाव नाही, जात नाही, धर्म नाही, ओळख नाही, नुसते लॅबचे आकडे. याहून निःपक्षपाती काय असणार? पण क्रिएटिनिन स्नायूंमधून येतं. बायकांचे स्नायू सरासरीने कमी, म्हणून किडनी तेवढीच बिघडली तरी बाईचं क्रिएटिनिन कमी दिसतं, स्कोअर कमी येतो, आणि ती रांगेत मागे राहते. वर्षानुवर्षं बायका लिस्टवरच जास्त मरत होत्या. शेवटी जुलै 2023 मध्ये सुधारलेला स्कोअर लागू झाला, त्यात बायकांना 1.33 गुण वाढवून दिलेत. दशांश चिन्हासकट. कुणाच्याही मनात बायकांबद्दल आकस नव्हता, आणि तरीही वीस वर्षं हे चाललं, कारण आकड्याला उलटून विचारलेला प्रश्न नियमापर्यंत पोचायला वेळ लागला.

किडनीच्या आकड्यात तर उघड उघड वंश घातलेला होता. काळा पेशंट असेल तर किडनी किती काम करते त्या आकड्याला एका गुणकाने वाढवायचे, एका सूत्रात जवळपास 16 टक्क्यांनी. म्हणजे तोच रिपोर्ट, पण काळ्या माणसाची किडनी कागदावर जास्त चांगली, म्हणून लिस्टवर यायला उशीर. 2021 मध्ये तिथल्या किडनीतज्ज्ञांच्या संस्थांनी तो गुणक काढून टाकायला सांगितलं आणि 2023 पासून अशा पेशंटचा बुडालेला प्रतीक्षेचा काळ परत मोजून द्यायला सुरुवात झाली. चूक सुधारायची तर नुसतं पुढचं नीट करून भागत नाही, ज्याचं गेलं त्याला ते परत द्यावं लागतं, हे त्यांनी केलं आणि त्याबद्दल मला खरंच आदर वाटतो.

आपल्याकडचं संशोधन म्हणाल तर एक अभ्यास मी विसरू शकत नाही. 1994 चा आपला अवयव प्रत्यारोपणाचा कायदा झाला तो किडनीचा बाजार थांबवायला. गोवा, हिमाचल आणि महाराष्ट्र या तीन राज्यांत तो 4 फेब्रुवारी 1995 पासून आला, म्हणजे आपण पहिल्या तिघांत. त्यानंतर काही वर्षांनी संशोधकांनी चेन्नईत किडनी विकलेल्या 305 लोकांना गाठून त्यांच्याशी बोलून घेतलं आणि 2002 मध्ये ते प्रसिद्ध झालं. 96 टक्के लोकांनी कर्ज फेडायला किडनी विकली होती. मिळाले सरासरी हजारेक डॉलर, कबूल केल्यापेक्षा कमीच. आणि पुढे? घराची कमाई एक तृतीयांशाने घटली, बहुतेकांचं कर्ज तसंच राहिलं, तब्येत ढासळली, आणि 79 टक्के लोक म्हणाले की आम्ही दुसऱ्या कुणाला हे सुचवणार नाही. तेव्हा जगात असा युक्तिवाद जोरात होता, आणि अजूनही मधूनमधून डोकं वर काढतो, की गरिबाला त्याची किडनी विकू द्या, दोघांचंही भलं होईल. त्या वादात ज्यांची किडनी गेली त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. या अभ्यासाने विचारलं. अशाच तऱ्हेने कुणीतरी महाराष्ट्रातल्या किडनी दिलेल्या बायकांना पाच, दहा, पंधरा वर्षांनी गाठून विचारावं असं मला मनापासून वाटतं. बीपी किती आहे, लघवीतून प्रोटीन जातंय का, शेवटचं क्रिएटिनिन कधी केलं, त्याचे पैसे कुणी दिले, घरात तुमचा मान वाढला की काम तेवढंच राहिलं.

पैशाचा मुद्दा टाळता येणार नाही. आपल्या राज्याच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत किडनी ट्रान्सप्लांटची मर्यादा 2023 मध्ये अडीच लाखांवरून साडेचार लाखांवर नेली, चांगलं झालं. काकांनाही योजनेचा आधार झाला होता, बाकीचं शेताच्या एका तुकड्यावर भागवलं. पण ऑपरेशन हा खर्चाचा एक दिवस असतो. टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट या गोळ्या किडनी चालेपर्यंत रोज घ्याव्या लागतात, महिन्याला काही हजार, आणि एखादा महिना हात आखडला, गोळ्या अर्ध्या केल्या, तर शरीर ती किडनी नाकारतं. म्हणजे काकूची किडनी औषधाच्या दुकानातल्या उधारीमुळे वाया जाऊ शकली असती. औषधांचा खर्च कायमचा उचलला जात नाही तोवर गरिबाला ट्रान्सप्लांट मिळालं असं म्हणणं मला अवघड जातं.

ब्रेन डेड डोनरच्या बाजूलाही एक गोष्ट सलते. डोनर बऱ्याचदा अपघातातला असतो, टू-व्हीलरवरचा तरुण मुलगा, घर साधंच. चार डॉक्टर सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून ब्रेन डेथ नक्की करतात, मशीनमुळे छाती वरखाली होतेय, अंग गरम आहे, आणि अशा वेळी कोऑर्डिनेटर येऊन आईबापांना विचारतात. त्यातले जे हो म्हणतात त्यांच्यापुढे मी हात जोडते. पण त्या मुलाचं हृदय किंवा लिव्हर जिथे बसवलं जातं ती बहुतेक मोठी खाजगी हॉस्पिटलं असतात, जिथे त्याच्या बापाला स्वतःला गरज पडली असती तर पायरीही चढता आली नसती. देशातला हृदयाच्या ट्रान्सप्लांटचा पहिला प्रयत्न फेब्रुवारी 1968 मध्ये परळच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी केला, म्हणजे महापालिकेच्या हॉस्पिटलात. पहिलं यशस्वी ट्रान्सप्लांट 3 ऑगस्ट 1994 ला दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी केलं, तेही सरकारी. म्हणजे सरकारी हॉस्पिटलात हे जमत नाही असं कुणी म्हणू नये, सुरुवातच तिथून झालीय. एक किडनी डोनर जिथे ॲडमिट होता त्याच हॉस्पिटलच्या लिस्टला मिळते या पद्धतीबद्दलही माझं मन दोन्हीकडे जातं. त्याने हॉस्पिटलं डोनर कळवायला पुढे येतात हे खरं, पण ज्या हॉस्पिटलात आयसीयूचे बेड जास्त त्यांच्याच पेशंटचं नशीब जास्त उघडतं हेही खरं, आणि या दोन्हींचा हिशोब मांडून दाखवणारा अहवाल सगळ्यांसमोर यायला हवा.

काही गोष्टी सुधारतायत. 2023 मध्ये केंद्राने सांगितलं की नाव नोंदवायला त्या राज्याचा रहिवासी असण्याची अट नको, 65 वर्षांची मर्यादा नको, नोंदणीची फी नको. ऑगस्ट 2025 मध्ये नोटोने राज्यांना सूचना दिली की लिस्टवरच्या महिला पेशंटना आणि मृत डोनरच्या जवळच्या नातेवाइकांना प्राधान्य द्या. यावर काही जण म्हणाले, आजारात कसलं आलंय बाई आणि पुरुष, सगळ्यांना सारखंच पाहिजे. मला ही सूचना पटते, कारण बाईला घरातून किडनी मिळण्याची शक्यता कमी आहे हे दिसतंय, मग निदान जी लिस्ट सरकारच्या हातात आहे तिथे ती कसर थोडी भरून निघावी. पण लिस्टवरच बायका कमी असतील तर हे प्राधान्य मिळणार कुणाला. औशाच्या त्या आजींना याचा काहीच फायदा झाला नसता. त्यांच्यासाठी डायलिसिसच्या प्रत्येक सेंटरवर असा एक माणूस हवा होता ज्याचं कामच असेल की प्रत्येक पेशंटला, बाई असो की बुवा, लिस्टबद्दल त्याच्या भाषेत सांगायचं, फॉर्म भरून घ्यायचा, आणि सांगितलं की नाही याची नोंद ठेवायची. तशी नोंद असती तर आज आपल्याला कळलं असतं की कुठल्या जिल्ह्यात किती जणांना विचारलंच गेलं नाही.

तसंच डोनरचं. कित्येक चांगले डॉक्टर एक गोष्ट करतात, डोनरला एकटीला बसवून सांगतात की तुम्हाला नको असेल तर नुसतं मला सांगा, मी घरच्यांना तुम्ही मेडिकली अनफिट आहात एवढंच कळवेन, कारण सांगणार नाही. यात थोडं खोटं आहे, आणि नीतिशास्त्रवाले त्यावर वाद घालतात, पण सासरी परत जाऊन राहायचं असलेल्या बाईला याच्याइतकी खरी सवलत दुसरी नाही. ती प्रत्येक ठिकाणी, प्रत्येक डोनरला, न चुकता मिळाली पाहिजे. रक्तगट जुळत नसेल तर दोन कुटुंबांत अदलाबदल करायची सोय 2011 च्या दुरुस्तीने कायद्यात आली, अहमदाबादच्या किडनी इन्स्टिट्यूटने ती मोठ्या प्रमाणावर करून दाखवली, तीही वाढायला हवी. मात्र त्यातही ओ गटाचे पेशंट मागे राहतात, कारण ओ गटाची किडनी सगळ्यांना चालते आणि ओ गटाच्या पेशंटला मात्र ओचीच लागते. वाटपाची पद्धत कुठलीही असो, तिच्यात मागे कोण राहतंय हे मुद्दाम शोधायला लागतं, ते आपोआप दिसत नाही.

डोनर आणि पेशंट दोघांची राष्ट्रीय नोंदवही ठेवायची हेसुद्धा 2011 च्याच दुरुस्तीत आहे. काका आता बरे आहेत, दुकानात बसतात, त्यांचा फॉलो-अप कधी चुकत नाही, फाइल जाड झालीय, तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिलेल्या असतात. काकूची फाइल ऑपरेशननंतरच्या काही तपासण्यांवर थांबली. वर्षातून एकदा बीपी, लघवी आणि क्रिएटिनिन करायचं असतं, जन्मभर, तेवढं मी लातूरला गेले की तिच्या मागे लागून करून घेते, आणि तिच्याबरोबर त्या काळात किडनी दिलेल्या ज्या दोन-तीन बायका ओळखीच्या आहेत त्यांनाही फोन करते. त्यातल्या एकीने ऑपरेशननंतर एकदाही तपासलेलं नव्हतं. तिला मी म्हटलं, ताई, या वेळी माझ्याबरोबर चला. ती हो म्हणालीय, फक्त घरी विचारून सांगते म्हणाली.